पुण्याच्या व्हेंकीजने विकत घेतलेला ब्लॅकबर्न रोव्हर्स प्रीमियर लीगमधून बाहेर कसा पडला?

तारीख ७ मे २०१२, सोमवारची रात्र. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नमध्ये धो धो पाऊस पडत होता. इवूड पार्क स्टेडियमवर ब्लॅकबर्न रोव्हर्स आणि विगन यांच्यातली मॅच नुकतीच सुरू झाली होती, तेवढ्यात मैदानात एक जिवंत कोंबडी पळत आली. तिच्या अंगावर रोव्हर्सचा झेंडा गुंडाळलेला होता.

हा टोमणा क्लबच्या मालकांना होता. कारण मालकांचा धंदा कोंबड्यांचा होता आणि ते राहायला होते पुण्यात. व्हेंकीज.

रोव्हर्सला प्रीमियर लीगमध्ये टिकायचं असेल तर ही मॅच जिंकणं भाग होतं. पण ८७ व्या मिनिटाला विगनच्या अँटोलिन अल्काराझने हेडरवर गोल केला आणि मॅच १-० अशी संपली. सलग ११ सीझन प्रीमियर लीगमध्ये खेळलेला आणि एकेकाळी ती जिंकलेला क्लब खालच्या लीगमध्ये घसरला.

हे नेमकं झालं कसं?

आधी रेलिगेशन म्हणजे काय ते बघू

आयपीएलमध्ये एखादी टीम तळाला राहिली तरी पुढच्या वर्षी ती पुन्हा खेळते. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये तसं नसतं. प्रीमियर लीगमध्ये २० क्लब असतात आणि प्रत्येक क्लब ३८ मॅच खेळतो. जिंकलं तर ३ पॉइंट, ड्रॉ झाला तर १. सीझन संपला की शेवटचे तीन क्लब खालच्या लीगमध्ये, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये जातात आणि तिथले तीन क्लब वर येतात. या घसरण्याला रेलिगेशन म्हणतात.

खरा मार बसतो तो पैशाला. प्रीमियर लीगमध्ये तळाच्या क्लबलाही टीव्हीच्या हक्कांतून त्या काळात वर्षाला सुमारे ४ कोटी पाउंड मिळायचे. खाली गेलं की ही कमाई एकदम आटते. धक्का सोसता यावा म्हणून काही वर्षं पॅराशूट पेमेंट नावाची मदत मिळते, पण ती दरवर्षी कमी होत जाते. खेळाडूंचे पगार मात्र जुन्या करारांप्रमाणे चालूच राहतात.

ब्लॅकबर्न म्हणजे लँकेशायरचं गिरणगाव

सोलापूरकरांना ब्लॅकबर्न समजायला फार वेळ लागणार नाही. १८७० च्या दशकात सोलापुरात जुनी मिल उभी राहिली. त्याच दशकात, १८७५ साली, कापड गिरण्यांच्या ब्लॅकबर्नमध्ये रोव्हर्सची स्थापना झाली. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी गिरण्या सुटायच्या आणि कामगार फुटबॉल बघायला जायचे. शनिवारी दुपारच्या मॅचची परंपरा तिथूनच आली. १८८८ साली फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा तिच्या १२ संस्थापक क्लबांमध्ये रोव्हर्स होता.

भारताशीही या भागाचा जुना संबंध आहे. विदेशी कापडावरच्या बहिष्काराचा फटका लँकेशायरच्या कामगारांना बसला होता. १९३१ मध्ये गांधीजी त्यांना भेटायला ब्लॅकबर्नला लागून असलेल्या डार्वेनला गेले होते.

पुढे गिरण्या बंद पडल्या. लाखभर वस्तीच्या या गावाला जगात ओळख उरली ती फुटबॉल क्लबची. १९९१ मध्ये इथलेच पोलाद व्यावसायिक जॅक वॉकर यांनी क्लब ताब्यात घेतला आणि त्यात पैसा ओतला. केनी डॅल्ग्लिश मॅनेजर झाले, ॲलन शिअरर आला आणि १९९४-९५ मध्ये रोव्हर्सने थेट प्रीमियर लीग जिंकली. २००० साली वॉकर वारले. त्यांच्या ट्रस्टने काही वर्षं क्लब सांभाळला आणि मग विकायला काढला.

पुण्याची एंट्री

डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. भारतात कोंबडीपालनाचा मोठा उद्योग उभा करणाऱ्यांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं. टीव्हीवर रोज अंडी खायला सांगणारी जाहिरात करणाऱ्या एनईसीसीमागेही तेच होते. त्यांच्यानंतर कारभार मुलगी अनुराधा देसाई आणि मुलं व्यंकटेश राव व बालाजी राव यांच्याकडे आला.

नोव्हेंबर २०१० मध्ये या कुटुंबाने २.३ कोटी पाउंडांना रोव्हर्स विकत घेतला. तेव्हाच्या हिशेबाने १६० कोटींहून जास्त रुपये झाले. क्लबवरचं कर्ज वेगळं. प्रीमियर लीगमधल्या क्लबचे हे पहिले भारतीय मालक. सुरुवातीला ब्लॅकबर्नमध्ये त्यांचं स्वागतच झालं.

घसरण सुरू झाली ती आदल्या वर्षी

क्लब घेऊन महिनाही झाला नव्हता. १३ डिसेंबर २०१० ला मालकांनी मॅनेजर सॅम ॲलर्डाइस यांना काढून टाकलं. तेव्हा टीम १३ व्या नंबरवर होती. कमी पैशात क्लब तगवून ठेवण्यासाठी ॲलर्डाइस ओळखले जायचे. त्यांच्या जागी आले स्टीव्ह कीन. ते क्लबमध्येच कोच होते, पण मॅनेजर म्हणून एकही टीम त्यांनी सांभाळली नव्हती. क्लबच्या खरेदीत व्हेंकीजला सल्ला देणाऱ्यांमध्ये जेरोम अँडरसन हे एजंट होते आणि कीन यांचे एजंटही तेच होते. चाहत्यांना संशय आला तो इथून.

काही महिन्यांत चेअरमन जॉन विल्यम्स आणि मॅनेजिंग डायरेक्टर टॉम फिन हेही बाहेर पडले. क्लबचा रोजचा कारभार वर्षानुवर्षं बघणारी ही माणसं होती. मालक पुण्यात आणि जाणती माणसं घरी, अशी अवस्था झाली.

त्या वर्षी, म्हणजे २०१०-११ मध्ये, शेवटच्या दिवशी वुल्व्ह्सला ३-२ हरवून टीम कशीबशी वाचली. १५ वा नंबर, ४३ पॉइंट. उन्हाळ्यात फिल जोन्स हा क्लबनेच घडवलेला तरुण डिफेंडर मँचेस्टर युनायटेडला विकला गेला.

२०११-१२: मोठ्यांना हरवलं, बरोबरीच्यांकडून हरले

सीझनच्या पहिल्या तिन्ही मॅच रोव्हर्स हरला. एव्हर्टनविरुद्ध तर दोन पेनल्टी वाया घालवल्या. १७ सप्टेंबरला आर्सेनलला ४-३ हरवून पहिला विजय मिळाला, त्यातले दोन गोल आर्सेनलच्याच खेळाडूंनी स्वतःच्या जाळ्यात मारलेले. १ ऑक्टोबरला मँचेस्टर सिटीने घरच्या मैदानावर ४-० धुतलं.

आणि त्याच आठवड्यात टीम विमानात बसून पुण्याला आली. ७ ऑक्टोबरला बालेवाडीत पुणे एफसीबरोबर फ्रेंडली मॅच झाली. रोव्हर्स ३-० जिंकला. पुण्यातल्या प्रेक्षकांसाठी ही पर्वणी होती, पण तळाला धडपडणाऱ्या टीमला ऐन सीझनमध्ये हजारो किलोमीटर फिरवण्याचं कारण ब्लॅकबर्नच्या चाहत्यांना कळेना. खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये चिकन खातायत अशी व्हेंकीजची जाहिरात आली, तिचीही टिंगल झाली.

डिसेंबरमध्ये याकुबूने एकट्याने चार गोल मारून स्वान्सीला ४-२ हरवलं. पण पुढच्या तिन्ही मॅच टीम १-२ अशा हरली. त्यातली २० डिसेंबरची बोल्टनविरुद्धची मॅच महत्त्वाची, कारण बोल्टनही तळाशीच झगडत होता. कीन हटाव, व्हेंकीज हटाव अशा घोषणांनी स्टेडियम दणाणून गेलं. याच महिन्यात क्लबचे डेप्युटी चीफ एक्झिक्युटिव्ह पॉल हंट यांनी मालकांना पत्र लिहून कीन यांना बदलण्याचा सल्ला दिला. तो मानला गेला नाही.

मग आला ३१ डिसेंबर. सर ॲलेक्स फर्ग्युसन यांचा ७० वा वाढदिवस आणि मँचेस्टर युनायटेडच्या घरच्या मैदानावर पाहुणा तळाचा रोव्हर्स. निकाल लागला ३-२, रोव्हर्सच्या बाजूने. त्या सीझनला सिटी आणि युनायटेड दोघांचे ८९ पॉइंट झाले आणि गोलफरकावर सिटी चॅम्पियन ठरली. त्या दिवशी ड्रॉ जरी झाला असता तरी युनायटेडला एक पॉइंट जास्त मिळाला असता.

पण असे दिवस मोजकेच. जानेवारीत अनुभवी डिफेंडर रायन नेल्सनला मोकळं केलं. फेब्रुवारीत आर्सेनलने सप्टेंबरची भरपाई ७-१ अशी केली. त्याच महिन्यात क्रिस सांबा रशियातल्या अंझी मखाचकालाकडे गेला. संरक्षणाचा कणाच निघाला होता.

मार्चमध्ये थोडी आशा वाटली. वुल्व्ह्स आणि संडरलँडला २-० ने हरवून टीम तळाच्या तिघांच्या वर आली. २९ मॅचमध्ये २८ पॉइंट झाले होते आणि ९ मॅच बाकी होत्या. त्या ९ पैकी रोव्हर्सने फक्त नॉर्विचविरुद्धची एक जिंकली आणि बाकीच्या आठ हरल्या.

आकडे काय सांगतात?

– ३८ मॅच: ८ विजय, ७ ड्रॉ, २३ पराभव
– पॉइंट ३१, नंबर १९ वा
– गोल केले ४८, खाल्ले ७८
– घरच्या मैदानावर १९ पैकी १२ पराभव
– एकही गोल न खाता संपलेल्या मॅच: ३. त्यातली पहिली १० मार्चला, म्हणजे सीझनच्या २८ व्या मॅचमध्ये

४८ गोल तळाच्या टीमसाठी कमी नाहीत. एकट्या याकुबूने लीगमध्ये १७ मारले होते. टीम बुडाली ती बचावामुळे.

१८ व्या नंबरचा बोल्टन ३६ पॉइंटवर राहिला आणि तोही खाली गेला. १७ वा क्वीन्स पार्क रेंजर्स ३७ पॉइंटवर वाचला. ३१ आणि ३७ मध्ये फरक दोन विजयांचा. घरच्या मैदानावर वुल्व्ह्स, बोल्टन आणि विगन यांच्याविरुद्ध गमावलेल्या तीन मॅच आठवल्या की हा फरक किती छोटा होता ते लक्षात येतं.

पुढे काय झालं?

रेलिगेशननंतर दोनच दिवसांत पॉल हंट यांना काढण्यात आलं. कीन मात्र राहिले. सप्टेंबर २०१२ अखेर त्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर आलेले हेनिंग बर्ग ५७ दिवस टिकले आणि मायकेल ॲपलटन ६७ दिवस. बर्ग कोर्टात गेले आणि क्लबला त्यांना सुमारे २२ लाख पाउंड द्यावे लागले.

७ मे २०१७ ला, विगनच्या त्या मॅचला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी, रोव्हर्स आणखी एक पायरी खाली घसरला. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब तिसऱ्या स्तरावर जाण्याची ही पहिलीच वेळ होती. एका वर्षात टोनी मोब्रे यांनी टीमला परत चॅम्पियनशिपमध्ये आणलं.

व्हेंकीजची दुसरी बाजूही आहे. तोटा होत असताना त्यांनी क्लब वाऱ्यावर सोडला नाही. वर्षानुवर्षं कोट्यवधी पाउंड घालून पगार आणि खर्च भागवले. अलीकडे तर इंग्लंडला पैसे पाठवण्यासाठी त्यांना दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली. म्हणूनच २०११-१२ ची गोष्ट फक्त पैशाची नाही. पैसा आला तेव्हाच तो कुठे आणि कसा वापरायचा हे जाणणारी माणसं एकेक करून गेली होती.

त्या सीझनची शेवटची मॅच १३ मे २०१२ ला चेल्सीविरुद्ध झाली. रोव्हर्स ती २-१ ने हरला. पुढची १३ वर्षं उलटली तरी इवूड पार्कवर प्रीमियर लीगची मॅच झालेली नव्हती.