चोपण रानातला अकरा नंबर

नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला आणि बारामती-इंदापूरच्या कोरडवाहू रानात ऊस आला. पाठोपाठ जमिनीवर पांढरं मीठही फुललं. १९१० मध्ये हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे या कृषी संशोधकांनी नीरा खोऱ्यातल्या या खारवट जमिनींवर पुस्तिका लिहिली. या मिठातल्या सोडियमसकट सगळ्या मूलद्रव्यांचा क्रम तेव्हा मुख्यतः अणुभारावरून लावत. अणुक्रमांकाचा खरा अर्थ मोझले या शास्त्रज्ञानं १९१३ मध्ये उलगडला.

चोपण म्हणजे सोडियम साचलेलं रान. ते ओलं असताना पायाला चिकटतं, वाळलं की दगड होतं.

हा चिकटपणा आणि कठीणपणा सोडियममुळे. त्याच्या केंद्रकात ११ प्रोटॉन, म्हणून अणुक्रमांक ११. त्यात १२ न्यूट्रॉन मिळवले की अणुवस्तुमानांक २३. शेतकरी जिप्सम टाकतो, तेव्हा त्यातल्या, अणुक्रमांक २० असलेल्या कॅल्शियमचा एक आयन सोडियमच्या दोन आयनांना मातीच्या कणावरून हुसकावतो. मग भरपूर पाणी देऊन सुटलेलं सोडियमचं मीठ चरातून बाहेर काढायचं.