दीनानाथ दलाल आणि मुलांचे चित्रवाचन

बालवाङ्मयाचा इतिहास लिहिताना लेखकांची नावे आदराने नोंदविली जातात. चित्रकाराचे नाव मात्र बहुधा मुखपृष्ठाआडच राहते. वस्तुतः अक्षरओळख न झालेले मूल पुस्तक उघडते ते चित्रासाठीच. त्याच्या लेखी चित्रकार हाच पहिला ग्रंथकार होय. गोमंतकपुत्र दीनानाथ दलाल यांच्याकडे या दृष्टीने पाहणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

दलालांचा जन्म १९१६ साली मडगावी झाला. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतून त्यांनी पदविका मिळविली आणि १९४५ साली 'दीपावली' हा वार्षिक अंक सुरू केला. ओघवती रेषा आणि उजळ रंग ही त्यांची ओळख. १९७१ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले. ते बालसाहित्यिक नव्हते. तरीही दोन पिढ्यांच्या मुलांनी घरात आलेल्या अंकांतून आणि पुस्तकांतून त्यांची चित्रे न्याहाळली.

ही चित्रदृष्टी गोमंतकात कोणत्या मातीत रुजली असेल? साष्टीतील देवालये सोळाव्या शतकातच पाडली गेली. पेडणे आणि डिचोली हे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज अंमलाखाली आले. त्यामुळे तेथील देवळे व उत्सव पुष्कळ अंशी टिकले. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा थर देऊन तो ओला असतानाच कोरलेली कावी चित्रे मोरजीच्या मोरजाई मंदिरात आढळतात. पेडण्याच्या दशावतारात मूल रात्रभर जागून संकासुर पाहते. अक्षरावाचून कथा कळण्याची ही शाळा पुस्तकाच्या आधीची आहे. दलालांच्या ठसठशीत बाह्यरेषेचे तिच्याशी नाते आहे, असे आमचे मत आहे.

डिचोली महालातील नार्वे येथील सप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धार शिवछत्रपतींनी १६६८ मध्ये करविला. बाबासाहेब पुरंदरे यांच्या 'राजा शिवछत्रपती' या ग्रंथासाठी दलालांनी चित्रे काढली. नार्व्याच्या मुलाने ती उघडली, तर तो इतिहास त्याला परका वाटणार नाही. त्याची एक खूण तर त्याच्याच गावच्या देवळात उभी आहे.

येथे एक विपर्यास नमूद केला पाहिजे. भारतातील पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यातच आला. परंतु विसाव्या शतकातील गोमंतकीय मराठी चित्रकारास आपली कला छापलेली पाहण्यासाठी मुंबई गाठावी लागली. १९६१ च्या मुक्तीनंतर शाळा गावोगाव निघाल्या. मात्र जीर्णोद्धाराच्या उत्साहात अनेक ठिकाणी जुनी कावी चित्रे नव्या रंगाखाली गेली. त्या भिंती पुसल्या गेल्या, तर उद्याच्या चित्रकारास आपली रेषा परक्या पुस्तकांतून शोधावी लागेल. म्हणून पेडणे-डिचोलीच्या भिंतींवरील चित्रे मुलांच्या पाठ्यपुस्तकांत उतरावीत. दलालांचे तेच खरे स्मरण ठरेल.