मंडईचे गाळे आणि डागडुजीचें दप्तर

इमारतीचा इतिहास लिहितांना आपण बहुधा कोनशिलेपाशींच थांबतों. पाया केव्हां घातला, दार कोणी उघडलें, एवढें सांगितलें म्हणजे काम संपलें असें आपणांस वाटतें. परंतु जी इमारत सार्वजनिक संस्थेच्या मालकीची असून जिचे गाळे भाड्यानें दिलेले असतात, तिचा खरा इतिहास उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशीं सुरू होतो. पुण्याच्या मंडईच्या उदाहरणानें हें विधान तपासून पाहावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

पूर्वी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरील मोकळ्या पटांगणांत भरत असे. त्या बाजारास छप्पर नव्हतें, आणि म्हणून छप्पर गळण्याची चिंताहि नव्हती. नगरपालिकेनें शुक्रवार पेठेंत अष्टकोनी मनोऱ्याची दगडी इमारत बांधिली. ती १८८६ सालीं खुली झाली व तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचें नांव मिळालें. जोतीराव फुले हे १८७६ पासून कांहीं वर्षें नगरपालिकेचे सभासद होते. बाजाराच्या इमारतीवर एवढा पैसा घालण्यापेक्षां तो शिक्षणावर खर्चावा, असें म्हणून त्यांनीं या योजनेस विरोध केला. पुढें १९३८ मध्यें आचार्य अत्रे यांच्या पुढाकारानें त्याच मंडईस महात्मा फुले यांचें नांव देण्यांत आलें. या योगायोगाचें कौतुक पुष्कळांनीं केलें आहे. आम्हांस त्यांत जबाबदारी अधिक दिसते. लोकांचा पैसा कशावर खर्चावा, हा प्रश्न इमारत उभी राहिल्यानें मिटत नाहीं. तो दरसाल डागडुजीच्या वेळीं पुन्हां उभा राहतो.

मालक व भाडेकरू यांच्या परस्पर कर्तव्यांचा विचार आपल्याकडे जुनाच आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणांत गृहवास्तूसंबंधीं नियम आहेत. भाडें देणाऱ्यास विनाकारण घालवून देणारा मालक, मनाई असतांहि राहणारा भाडेकरू, आणि सामायिक वास्तूच्या कामीं साहाय्य न देणारा भागीदार, या तिघांसहि बारा पणांचा दंड सांगितला आहे. दोष नेहमीं एकाच बाजूचा असतो असें शास्त्रकार मानीत नाहीं.

हाच न्याय मंडईस लावून पाहावा. गाळेवाला आपला ओटा धुऊन पुसून ठेवील. परंतु माथ्यावरचीं कौलें, तुळया, पन्हळी आणि सामायिक भिंती यांस त्यानें हात लावावयाचा नसतो. त्यांची पाहणी मालकानेंच केली पाहिजे, आणि तीहि मृगापूर्वी. वैशाखांत कौलें चाळावीं, पन्हळींतील गाळ काढावा, दगडांच्या सांध्यांत रुजलेलें पिंपळाचें रोप मुळासकट उपटावें. चुन्याच्या जुन्या भिंतीस सिमेंटचा गिलावा देणें ही तर डागडुजी नव्हे. आंतली ओल आंतच कोंडते आणि कालांतरानें दगडाचे पापुद्रे सुटतात.

एके काळीं नगरपालिकेची कचेरी याच इमारतींत होती. मालकाचें दप्तर व भाडेकरूची टोपली एकाच छपराखालीं नांदत असतां पाहणीसाठीं दूर जावें लागत नसे. पुढें नगरपालिकेची महानगरपालिका झाली (१९५०), कचेरी शिवाजी पुलाजवळ गेली, आणि देखरेख करणारा व देखरेखीखालीं असणारा यांच्यामध्यें अंतर पडलें. तें अंतर कागदानेंच भरून निघूं शकतें.

मागें एका वृद्ध भाजीवाल्या आजींनीं आम्हांस आपल्या सासूबाईंच्या वेळेपासूनच्या भाडेपावत्यांचा जुडगा दाखविला. “मास्तर, पैसे भरल्याचा कागद फेकूं नये,” एवढेंच त्या म्हणाल्या. पावतींत भाडें दिसतें. त्या भाड्यांतून छप्पर शाकारलें कीं नाहीं, हें पावती सांगत नाहीं. तें सांगणारी दुसरी वही मालकाकडे असते. रियासतकार सरदेसाई यांनीं पेशवे दप्तरांतून निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग प्रसिद्ध केले, ते कागद कोणी तरी सांभाळले म्हणूनच. मंडईच्या पाहणीचे शेरे, मोजमापाचीं पुस्तकें व भाड्याच्या नोंदवह्या यांसहि तीच योग्यता आहे. जुने कागद रद्दींत काढण्यापूर्वी ते अभ्यासकाच्या नजरेखालून जावे, एवढीच आमची विनंती. ज्यांनीं या इमारतीच्या खर्चाचा जाब विचारला, त्यांचेंच नांव तिनें धारण केलें आहे. तो जाब देण्याचें साधन तरी तिच्यापाशीं शिल्लक राहिलें पाहिजे.