पिंग गप्प, पोर्ट उघडं: एका शांततेचा इतिहास

आज आपण एका कोड्यापासून सुरुवात करू. सर्व्हरला पिंग केलं, उत्तर आलं नाही. पण त्याच सर्व्हरच्या ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर जोडणी केली, तर ती लगेच लागली. मग सर्व्हर चालू म्हणायचा की बंद? रात्री दोन वाजता ज्याला हा निर्णय घ्यावा लागतो, तो नुसत्या पिंगवर विसंबला तर चांगला चालणारा सर्व्हर रीस्टार्ट करून बसतो. ही वेळ आपल्यावर का आली, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

सप्टेंबर १९८१. जॉन पोस्टेल यांच्या संपादनाखाली इंटरनेटचे मूळ नियम प्रसिद्ध झाले. त्यात टीसीपी होतं, आणि आयसीएमपीही होतं. टीसीपीचं काम दोन प्रोग्रामांमध्ये जोडणी करण्याचं. पोर्ट ही कल्पना तिथली. आयसीएमपीचं काम जाळ्यातल्या अडचणी कळवण्याचं. त्यात पोर्ट नाहीतच. म्हणजे दोन्ही चाचण्या पहिल्यापासून वेगळे प्रश्न विचारतात.

आयसीएमपीत ‘एको’ नावाचा एक संदेश होता: पाठवलेलं जसंच्या तसं परत करा. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकन सैन्याच्या मेरीलँडमधल्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत माइक म्यूस यांना जाळ्यात काहीतरी बिघाड दिसला. त्यांनी या एकोवर एका रात्रीत प्रोग्राम लिहिला आणि सोनारच्या आवाजावरून त्याला ‘पिंग’ नाव दिलं. गंमत बघा, प्रोग्राम तयार होईपर्यंत तो बिघाड सहकाऱ्याने दुरुस्तही केला होता!

ऑक्टोबर १९८९ च्या नियमांनी तर सांगितलं की प्रत्येक यंत्राने एकोला उत्तर दिलंच पाहिजे. त्या काळात शांततेला अर्थ होता.

मग विश्वास तुटला. १९९६ च्या सुमारास ‘पिंग ऑफ डेथ’ आलं: ६५,५३५ बाइटची मर्यादा ओलांडणारं पॅकेट तुकड्यांत पाठवायचं, की समोरचं यंत्र कोसळायचं. पाठोपाठ ‘स्मर्फ’ हल्ला आला. त्यात दुसऱ्याच्या नावाने अख्ख्या नेटवर्कला पिंग करायचं, आणि सगळी उत्तरं त्या बिचाऱ्यावर आदळायची. ऑगस्ट २००३ मध्ये ‘नाची’ नावाचा वर्म शिकार शोधायला आधी पिंग करत सुटला, आणि अनेकांनी पिंग अडवायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ सोबत फायरवॉल मुळातच चालू होऊन आली. आज क्लाउडवर आपण ४४३ उघडतो, आयसीएमपी उघडायचं राहून जातं. म्हणून हल्ली शांतता हा मृत्यूचा पुरावा उरलेला नाही.

एनमॅप हे प्रसिद्ध साधनही हे ओळखून आहे. यंत्र जिवंत आहे का हे बघताना ते पुरेसे अधिकार असतील तर पिंगसोबत ८० आणि ४४३ ही पोर्टंही ठोठावून पाहतं.

तर आपल्या कोड्याचा अर्थ काय? पोर्ट उघडलं, म्हणजे जायचा आणि यायचा दोन्ही रस्ते चालू आहेत. वाटेत कुठेतरी किंवा खुद्द यंत्रावर पिंग अडवलंय. मात्र दार उघडणारा कधी कधी पुढे बसवलेला लोड बॅलन्सर असतो. म्हणून घरात माणूस आहे का, हे खरी विनंती पाठवूनच बघायचं.

आणि एक सावधगिरी. सरसकट आयसीएमपी अडवलं, तर ‘पॅकेट फार मोठं आहे’ हा निरोपही अडतो. मग जोडणी लागते, कारण तिची पॅकेटं छोटी असतात. पण मोठा मजकूर येताना पान लटकून राहतं. पोर्ट उघडं, पिंग गप्प आणि पान अर्धवट अशी तक्रार आली, तर सर्व्हरला हात लावायच्या आधी फायरवॉलचे नियम बघा. म्यूस यांनी त्या रात्री शोधायला घेतला होता तसाच हाही बिघाड: यंत्रात नाही, वाटेत.