सरहद्दीचे चित्रपट आणि सरहद्दीची माणसे : कॅनडा, वायव्य सरहद्द आणि पालघर परिसर यांचा तौलनिक विचार

प्रस्तावना

‘वेस्टर्न’ म्हटले की अमेरिकेतील ओसाड माळ, घोडेस्वार आणि पिस्तुले डोळ्यांसमोर येतात. तथापि, या प्रकारचे चित्रपट केवळ अमेरिकेत निर्माण झाले नाहीत. विसाव्या शतकाच्या साठाव्या आणि सत्तराव्या दशकांत इटली, जर्मनी, स्पेन, ब्रिटन या देशांतील निर्मात्यांनी ते मोठ्या संख्येने तयार केले. त्यांतील एका लहान पण लक्षणीय गटाने आपले कथानक अमेरिकेच्या पश्चिमेत न ठेवता कॅनडाच्या सरहद्दीवर, म्हणजे बर्फाळ युकॉन, सोन्याच्या खाणी आणि लाल डगल्यातील घोडेस्वार पोलीस यांच्या परिसरात ठेवले. जी भूमी निर्मात्यांची नव्हती, त्या भूमीची कथा त्यांनी सांगितली आणि ती जगभर खपली.

हा प्रश्न मराठी वाचकाला वाटतो तितका दूरचा नाही. युरोपीय पडद्याने भारताचीही एक सरहद्द घडविली होती आणि तिच्याविरुद्ध १९३८ मध्ये मुंबईत उघड निषेध झाला. त्या वादात आघाडीवर असलेल्या नियतकालिकाचे संपादक पालघरजवळच्या मासवणचे होते. सरहद्दीची कथा कोण सांगतो, ती सांगताना तेथील माणसांचे काय होते आणि अन्यायाविरुद्ध उठलेली नजरही जवळच्या सरहद्दीपर्यंत पोहोचते का, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कॅनडाची सरहद्द : इतिहासातील

कॅनडाचा पश्चिम व वायव्य भाग दीर्घकाळ हडसन बे कंपनीच्या ताब्यात होता. या कंपनीला १६७० मध्ये सनद मिळाली होती. १८७० मध्ये हा विस्तीर्ण प्रदेश कॅनडाच्या शासनाकडे आला. तेथे राहणाऱ्या मूळनिवासी जमाती आणि मेती लोक (युरोपीय व मूळनिवासी अशा संमिश्र वंशाचा समाज) यांची संमती या हस्तांतरासाठी घेतली गेली नव्हती. १८७३ मध्ये वायव्येसाठी घोडेस्वार पोलीस दल उभारण्यात आले. १८८५ मध्ये मेती व काही मूळनिवासी गटांनी उठाव केला. तो मोडून काढण्यात आला आणि १६ नोव्हेंबर १८८५ रोजी मेती नेते लुई रिएल यांना फाशी देण्यात आले. त्याच महिन्यात कॅनडियन पॅसिफिक रेल्वेचा मार्ग समुद्रापर्यंत जोडून पूर्ण झाला. रेल्वे आणि दमन यांची ही जोडी पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

ऑगस्ट १८९६ मध्ये युकॉनमधील क्लोंडाइक परिसरात सोने सापडले आणि पुढील दोन वर्षांत हजारो लोक तिकडे धावले. खिंडी ओलांडणाऱ्या प्रत्येकाजवळ वर्षभर पुरेल इतके, म्हणजे सुमारे १ टन सामान असले पाहिजे, असा दंडक पोलिसांनी घातला. नदीच्या मुखाशी मासेमारी करून राहणाऱ्या त्रोंडेक ह्वेचिन लोकांच्या जागी डॉसन हे शहर उभे राहिले. त्यांचे प्रमुख आयझॅक यांनी आपल्या लोकांना काही किलोमीटर अंतरावरील मूसहाइड येथे हलविले. २०२३ मध्ये युनेस्कोने ‘त्रोंडेक-क्लोंडाइक’ या परिसराचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. वसाहतीकरणाला मूळनिवासींनी कसे तोंड दिले याची साक्ष म्हणून ही नोंद झाली, हे विशेष होय.

कॅनडाची सरहद्द : युरोपीय पडद्यावरील

युरोपीय चित्रपटांना या इतिहासाचा परिचय झाला तो मुख्यतः जॅक लंडन या अमेरिकन लेखकाच्या कथांतून. तो १८९७ मध्ये क्लोंडाइकला गेला आणि पुढील वर्षी परतला. त्याच्या हाती सोने फारसे लागले नाही. साहित्याची सामग्री मात्र मुबलक लागली. ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ (१९०३) आणि ‘व्हाइट फँग’ (१९०६) या त्याच्या कादंबऱ्या युरोपात अतिशय लोकप्रिय झाल्या. १९७२ मध्ये केन अॅनाकिन या ब्रिटिश दिग्दर्शकाने पहिल्या कादंबरीवर चित्रपट केला. त्यात चार्ल्टन हेस्टन होता. १९७३ मध्ये लुचिओ फुल्ची या इटालियन दिग्दर्शकाने ‘झान्ना बियांका’ हा चित्रपट दुसऱ्या कादंबरीवरून केला आणि त्यात फ्रँको नीरोला घेतले. त्याच्या यशामुळे १९७४ मध्ये त्याचा पुढील भागही आला. १९७५ मधील ‘जुब्बे रोस्से’ या इटालियन चित्रपटाचे नावच ‘लाल डगले’ असे होते. त्यापूर्वी, १९६१ मध्ये, ‘द कॅनेडियन्स’ या ब्रिटिश निर्मितीत लिटल बिगहॉर्नच्या लढाईनंतर कॅनडात आलेले सू लोक आणि पोलीस यांची कथा येऊन गेली होती.

या चित्रपटांत एक समान रचना आढळते. भूमी रिकामी आणि कठोर असते; संघर्ष मुख्यतः बाहेरून आलेल्या दोन प्रकारच्या माणसांत, लोभी आणि सज्जन यांच्यात होतो; कायदा लाल डगला घालून येतो. मूळनिवासी असलाच तर तो साक्षीदार, वाटाड्या किंवा बळी असतो. ज्याच्या भूमीवर कथा घडते तो कथेचा कर्ता नसतो. क्लोंडाइकमध्ये लोभ होता हे खरेच. परंतु त्या लोभाची किंमत मूसहाइडला गेलेल्यांनी दिली, ही गोष्ट कुत्रा आणि त्याचा मालक यांच्या कथेत मावत नाही.

भारताची वायव्य सरहद्द आणि ‘द ड्रम’

कॅनडाप्रमाणेच ब्रिटिश भारतालाही एक वायव्य सरहद्द होती. १८९३ मध्ये ड्युरँड रेषा आखली गेली आणि १९०१ मध्ये वायव्य सरहद्द प्रांत स्वतंत्र करण्यात आला. या प्रदेशावर ब्रिटिश व अमेरिकन निर्मात्यांनी १९३० च्या दशकात जे चित्रपट काढले, ते रचनेने वेस्टर्नपटच होते. तेथेही किल्ला, खिंड, मूठभर शिस्तबद्ध शिपाई आणि भोवती ‘विश्वासघातकी’ टोळ्या असत. १९३९ च्या ‘गंगा दीन’ या अमेरिकन चित्रपटाची सरहद्द तर कॅलिफोर्नियातील लोन पाइन येथे, म्हणजे वेस्टर्नपटांच्या नेहमीच्याच डोंगरांत उभी करण्यात आली होती.

लंडन फिल्म्सचा ‘द ड्रम’ (१९३८) हा या गटातील नमुनेदार चित्रपट होय. ए. ई. डब्ल्यू. मेसन यांच्या कथेवरील या रंगीत चित्रपटाचे दिग्दर्शन झोल्टान कोर्डा यांनी केले. म्हैसूर संस्थानातील माहुताचा मुलगा साबू याने त्यात ब्रिटिशांशी निष्ठावंत राजपुत्राची भूमिका केली. ब्रिटिशांच्या कत्तलीचा कट रचणारा खलनायक गुल हा मात्र रेमंड मॅसी या कॅनडात जन्मलेल्या नटाने रंगविला. सरहद्दीचा चांगला माणूस म्हणजे साहेबाला वेळीच सावध करणारा आणि वाईट माणूस म्हणजे त्याला विरोध करणारा, असे हे सरळ समीकरण होते.

तत्कालीन वास्तव याच्या नेमके उलट होते. खान अब्दुल गफार खान यांच्या खुदाई खिदमतगारांनी त्याच प्रांतात अहिंसक चळवळ उभारली होती. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्साखानी बाजारात निःशस्त्र जमावावर गोळीबार झाला, तेव्हा चंद्रसिंह गढवाली व त्यांच्या सहकारी सैनिकांनी गोळी चालविण्यास नकार दिला. १९३७ मध्ये तेथे डॉ. खानसाहेबांचे काँग्रेस मंत्रिमंडळ अधिकारावर आले. म्हणजे ‘द ड्रम’ प्रदर्शित झाला, तेव्हा पेशावरमध्ये निवडून आलेल्या लोकप्रतिनिधींचे सरकार होते. पडद्यावर मात्र कटकारस्थाने करणाऱ्या टोळ्या होत्या.

मुंबईचा निषेध आणि मासवणचे बाबूराव पटेल

‘द ड्रम’ १९३८ मध्ये मुंबईत लागला, तेव्हा चित्रपटगृहासमोर निदर्शने झाली. मुसलमान पात्रांचे विकृत चित्रण आणि एकूण भारतीयांची मानहानी हे आक्षेपाचे मुख्य मुद्दे होते. अखेर चित्रपटाचे प्रदर्शन थांबवावे लागले. त्यानंतर ‘गंगा दीन’वरही मुंबई व बंगाल प्रांतांत बंदी आली. या काळात मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ होते.

या लढ्याला सातत्य दिले ते ‘फिल्मइंडिया’ने. १९३५ मध्ये सुरू झालेल्या या इंग्रजी मासिकाचे संपादक बाबूराव पटेल (१९०४-१९८२) यांचा जन्म मासवण येथला. त्यांची लेखणी तिखट आणि पुष्कळदा एकांगी होती. त्यांच्या टीकेतून देशी निर्मातेही सुटले नाहीत. पुढे त्यांनी ‘द्रौपदी’ (१९४४) व ‘ग्वालन’ (१९४६) हे चित्रपट दिग्दर्शित केले आणि १९६७ मध्ये ते लोकसभेवर निवडून गेले. भारतविरोधी चित्रपटांविरुद्धच्या मोहिमेत ख्वाजा अहमद अब्बास यांच्यासारख्या पत्रकाराची साथ या मासिकाला होती. परक्या पडद्यावरील भारतीयाची प्रतिमा ही केवळ करमणुकीची नव्हे, तर राजकीय बाब आहे, हा विचार या लेखनाने वाचकांत रुजविला.

फ्रंटियर मेल : दुसरे उत्तर

निषेधाबरोबरच मुंबईने आणखी एक उत्तर दिले. जे. बी. एच. वाडिया व होमी वाडिया या बंधूंनी १९३३ मध्ये वाडिया मुव्हीटोन ही संस्था स्थापन केली आणि घोडा, चाबूक, आगगाडी हे सारे साहित्य उचलून देशी स्टंटपट घडविला. त्यांची नायिका नादिया (मेरी इव्हान्स, १९०८-१९९६) ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे जन्मली होती. तिचे वडील ब्रिटिश सैन्यात होते व पहिल्या महायुद्धात मारले गेले. घोडेस्वारी ती शिकली ती पेशावरकडील वास्तव्यात. ‘हंटरवाली’ (१९३५) नंतर १९३६ मध्ये तिचा ‘मिस फ्रंटियर मेल’ आला. त्यात रेल्वेचा घातपात करू पाहणाऱ्या टोळीशी ती धावत्या गाडीच्या टपावर झुंजते.

हे नाव एका खऱ्या गाडीवरून आले होते. १ सप्टेंबर १९२८ पासून बी. बी. अँड सी. आय. रेल्वेची फ्रंटियर मेल मुंबई ते पेशावर धावू लागली. वैतरणेचे पूल ओलांडून, सफाळे, केळवे रोड, पालघर ही स्थानके मागे टाकीत ती उत्तरेकडे जाई. फाळणीनंतर तिचा प्रवास अमृतसरला थांबला आणि १९९६ मध्ये तिला गोल्डन टेंपल मेल हे नाव मिळाले. ‘द ड्रम’मध्ये सरहद्दीचा माणूस साहेबाच्या मदतीने वाचतो, ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये गाडी आणि न्याय दोन्ही वाचवणारी स्त्री आहे. दिसायला ती गोरी असली तरी कथेत ती भारतीय म्हणूनच वावरते. उसना साचा उलटा फिरविण्याचे सामर्थ्य स्टंटपटाकडे होते. तत्कालीन प्रतिष्ठित समीक्षेने या चित्रपटांना हलके लेखले, तरी हे मान्य करावे लागते.

रुळांलगतची सरहद्द

तथापि, येथेच एक अवघड प्रश्न उभा राहतो. फ्रंटियर मेलला सरहद्द गाठण्यासाठी पेशावरपर्यंत जावे लागत होते काय? १९३५ च्या कायद्यान्वये डहाणू तालुका आणि मोखाडा व उंबरगाव हे पेठे ‘अंशतः वर्जित प्रदेश’ ठरविण्यात आले. नेहमीचे कायदे जेथे आपोआप लागू होत नाहीत, असा हा भाग प्रशासनाच्याच भाषेत एक सरहद्द होता. येथील वारली व अन्य आदिवासी वेठबिगारीत आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जातून आलेल्या गुलामीत, म्हणजे लग्नगडी पद्धतीत, पिचत होते. जंगल ठेकेदार, सावकार व जमीनदार यांच्या सत्तेला रेल्वेने खीळ घातली नाही; उलट येथील लाकूड व गवत मुंबईला नेण्याची सोय झाली.

मे १९४५ मध्ये झरी येथे वारल्यांची परिषद भरली आणि वेठ नाकारण्याचा निर्धार झाला. किसान सभेचे शामराव व गोदावरी परुळेकर या लढ्यात होते. गवतकापणीच्या मजुरीचा लढा सुरू असताना १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या पुस्तकामुळे हा इतिहास मराठी वाचकांसमोर आला.

याच काळातील मुंबईच्या लोकप्रिय पडद्यावर वनवासी दिसला तो ‘तुफानी टारझन’ (१९३७) सारख्या चित्रपटांतील रानटी टोळीच्या रूपात. पठाणाच्या विकृत चित्रणाने संतापलेल्या शहराला वारल्याचे चित्रणच नाही, ही उणीव जाणवली नाही. ज्या साच्याविरुद्ध निषेध झाला, तोच साचा घराजवळच्या माणसाला लावताना फारशी अडचण भासली नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, ‘सरहद्द’ ही केवळ भूगोलातील जागा नसून सत्तेच्या केंद्रातून पाहण्याची एक रीत आहे. म्हणूनच ती युकॉनमधून युरोपात आणि वायव्य प्रांतातून कॅलिफोर्नियात सहज नेता आली. दुसरी, परक्या साच्याला विरोध करण्याचे दोन मार्ग मुंबईने दाखविले: ‘फिल्मइंडिया’चा निषेध आणि वाडियांचे रूपांतर. दोहोंचेही महत्त्व नाकारता येत नाही. तिसरी आणि अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की, अवमानाची जाणीव आपोआप न्यायाची जाणीव होत नाही. मासवणसारख्या गावातून निघालेली लेखणी लंडनच्या स्टुडिओला जाब विचारू शकली. त्याच मुलखातील वारल्याला मात्र आपली बाजू झरीच्या परिषदेत स्वतःच मांडावी लागली.

२०१४ मध्ये पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि हा परिसर कोणाच्या तरी टोकाचा भाग न राहता स्वतः एक केंद्र झाला. त्याचा इतिहास लिहिताना रुळांवरून गेलेल्या गाड्यांइतकीच रुळांच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या माणसांची नोंद होणे आवश्यक आहे.