'शॅल' आणि 'मे' : बंधन की मुभा?

इंग्रजीतील 'शॅल' आणि 'मे' ही दोन्ही साहाय्यक क्रियापदे आहेत. कर्ता बदलला तरी त्यांचे रूप बदलत नाही आणि त्यांच्यापुढे मुख्य क्रियापद मूळ रूपातच येते. व्याकरणातील स्थान सारखे असले तरी दोहोंचे अर्थ भिन्न आहेत. करारपत्र वा नियमावली वाचताना हा भेद ध्यानात न घेतल्यास हक्क आणि कर्तव्य यांची गल्लत होते.

शॅल : पारंपरिक व्याकरणानुसार 'आय' व 'वुई' या प्रथमपुरुषी कर्त्यांबरोबर हा शब्द साधा भविष्यकाळ दर्शवितो. 'शॅल आय ओपन द विंडो?' म्हणजे 'खिडकी उघडू का?'. कायद्याच्या भाषेत मात्र तो सामान्यतः बंधन सूचित करतो.

मे : 'मे आय कम इन?' यात परवानगी, 'इट मे रेन' यात शक्यता, तर 'मे यू लिव्ह लाँग' यात शुभेच्छा आहे. कायद्यात हा शब्द बहुधा अधिकार किंवा मुभा देतो.

नकारार्थी रूपे : 'शॅल नॉट' म्हणजे मनाई. 'मे नॉट'चा अर्थ 'परवानगी नाही' की 'कदाचित नाही', हे संदर्भावरूनच ठरते.

राज्यघटनेतील उदाहरण : ४२व्या घटनादुरुस्तीने (१९७६) अनुच्छेद ७४मध्ये 'शॅल' योजून मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर स्पष्टपणे बंधनकारक केला. ४४व्या दुरुस्तीने (१९७८) त्यात 'मे'ची भर घातली. त्यामुळे राष्ट्रपती सल्ल्याचा फेरविचार करण्यास सांगू शकतात. फेरविचारानंतरचा सल्ला मात्र पुन्हा 'शॅल'मुळे बंधनकारक ठरतो. अनुच्छेद १४३च्या पहिल्या खंडात राष्ट्रपतींना मत कळविण्याबाबत सर्वोच्च न्यायालयासाठी 'मे', तर दुसऱ्या खंडात 'शॅल' आहे. पहिल्या खंडाखाली आलेल्या अयोध्याविषयक प्रश्नाचे उत्तर देण्यास न्यायालयाने १९९४मध्ये नकार दिला होता.

अपवाद : केवळ शब्दावरून निर्णय होत नाही. शिस्तभंगाच्या कारवाईत लोकसेवा आयोगाशी सल्लामसलत करण्याच्या तरतुदीत 'शॅल' असूनही ती केली नाही म्हणून कारवाई रद्दबातल ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मनबोधनलाल श्रीवास्तव प्रकरणात १९५७मध्ये म्हटले. उलट, तरतुदीचा हेतू पाहून न्यायालये कधी 'मे'चा अर्थही 'केलेच पाहिजे' असा लावतात.

मराठीत 'शॅल'साठी 'करील' आणि 'मे'साठी 'करू शकेल' अशी योजना केली जाते. 'करील' हा नुसता भविष्यकाळ वाटण्याचा संभव असतो. म्हणूनच घराच्या इंग्रजी करारात 'घरमालक अनामत परत करील' या अर्थी 'शॅल' आहे की 'मे', हे सही करण्यापूर्वीच पाहून घ्यावे.