तंजावरची कुरवंजी

कुरवंजी हा तामिळ देशातील एक जुना नाट्यप्रकार. त्याची कथा ठरलेली असते. राजाची किंवा देवाची स्वारी निघते. नायिका ती पाहते आणि मन हरपून बसते. चंद्र तिला पोळतो, सखीचे बोल रुचत नाहीत. इतक्यात डोंगरातली एक भटकी कुरत्ती हाती टोपली घेऊन येते, नायिकेचा हात पाहून मनोगत ओळखते, शुभ भविष्य सांगते आणि दागिने मिळवून निघते. मागाहून तिचा पारधी नवरा तिला शोधीत येतो. पायातला वाळा त्याला सापच वाटतो! एकेका दागिन्याचा तो जाब विचारतो, आणि विरहाने सुरू झालेली कथा हशात संपते.

या कथेत नायक जवळजवळ मुकाच असतो. कथानक चालते ते परक्या, भटक्या बाईच्या वाणीवर. भविष्य सांगण्यापूर्वी ती आपले डोंगर आणि आपण हिंडलेले देश वर्णन करते, कारण जिने देश पाहिले तिच्याच शब्दावर श्रोत्याचा विश्वास बसतो.

या प्रथेचा उपयोग तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी मोठ्या चातुर्याने केला. ते १७९८ मध्ये गादीवर आले. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. त्यांनाच नायक कल्पून शिवक्कोळुंदु देशिकर यांनी तामिळमध्ये ‘सरभेंद्र भूपाल कुरवंजी’ रचली आणि ती बृहदीश्वराच्या मंदिरात होत असे. स्वतः राजांनी मात्र मराठीत ‘देवेंद्र कुरवंजी’ लिहिली व कुरत्तीच्या मुखी साऱ्या पृथ्वीचा भूगोल घातला! डोंगरांच्या जागी खंडे आली, ओढ्यांच्या जागी समुद्र. पाठशाळेत रुक्ष वाटणारा विषय गाण्यात बसला. ज्याच्या हाती किल्ल्यापलीकडची सत्ता उरली नव्हती, त्याने सगळे जग मायबोलीत आणले, यातील करुण रस आम्हास विसरता येत नाही.

सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ १८४३ मध्ये केले, तेथून मराठी रंगभूमीचा आरंभ मोजण्याची आपणांस सवय आहे. परंतु १६८४ ते १७१२ या काळात राज्य करणाऱ्या तंजावरच्या शहाजीराजांनी ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे मराठी नाटक त्याच्या कितीतरी आधी रचले होते. सरस्वती महालातील हे धन दूरचे म्हणून आपण उपेक्षिले.

आम्ही बदलीच्या गावी राहणारी माणसे. तेथील भाषेशी आपला संबंध बहुधा कचेरी आणि बाजार येथेच संपतो, आणि घरी मराठी जपली की कर्तव्य झाले असे आम्ही समजतो. तंजावरच्या भोसल्यांनी मराठी नुसती जपली नाही. शेजारणीची गोष्ट त्यांनी घरी आणली, तिला आपल्या बोलीत बोलू दिले, आणि तिच्याकडून जगाची वार्ता ऐकली. परमुलखात भाषा राखण्याचा याहून आनंदाचा मार्ग आम्हास तरी ठाऊक नाही.